सिक्वेन्स डायग्राममधील मेथड कॉल : फेरफाराच्या नोंदीवरून एक विवेचन

प्रस्तावना

कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कडगंची हे गाव २००९ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठामुळे आज दूरवर परिचित झाले आहे. आळंद तालुका महाराष्ट्राच्या सीमेला लागून असल्याने येथे कन्नड, मराठी व उर्दू या तिन्ही भाषा घराघरांत बोलल्या जातात. या परिसरात संगणकाचा अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण उर्दू किंवा मराठी माध्यमातून झालेले असते. असा विद्यार्थी जावा भाषेतील छोटे प्रोग्राम लिहू शकतो, क्लास डायग्रामही काढतो. मात्र सिक्वेन्स डायग्राम, म्हणजेच क्रमदर्शक आकृती, काढताना तो एका ठिकाणी हमखास अडतो. चौकटी काढून होतात, उभ्या तुटक रेषा काढून होतात, बाणही काढला जातो. पण बाणावर कोणती मेथड लिहावी आणि ती कोणत्या क्लासची, हे त्याला ठरवता येत नाही. मग तो पुस्तकातील आकृती पाठ करतो.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा आहे. विद्यार्थ्यांच्या वह्यांतील अशा आकृत्या पाहताना असे लक्षात आले की ही चूक तांत्रिक कमी आणि व्याकरणाची अधिक आहे. म्हणून ती भाषेच्या अंगाने कशी दूर करता येईल, हे या लेखात मांडले आहे. उदाहरण म्हणून कर्नाटकातील 'भूमी' प्रकल्पातील फेरफाराची नोंद घेतली आहे, कारण जमिनीचा कागद आपल्या विद्यार्थ्यांच्या घरात असतो आणि तो कागद वेळेवर न मिळण्याचे परिणामही त्यांना ठाऊक असतात.

१. पार्श्वभूमी

ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांच्या स्वतंत्र पद्धती एकत्र येऊन यूएमएल ही आकृत्यांची भाषा तयार झाली. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने ती नोव्हेंबर १९९७ मध्ये मानक म्हणून स्वीकारली. २००५ मध्ये तिची २.० ही आवृत्ती आली आणि क्रमाकृतीच्या चिन्हांत काही महत्त्वाचे बदल झाले. ग्रंथालयातील जुनी पाठ्यपुस्तके १९९७ ते २००४ या काळातील असतील, तर त्यांतील चिन्हे आणि आजची चिन्हे यांत फरक आढळू शकतो. त्याचा उल्लेख पुढे योग्य ठिकाणी येईल.

क्रमाकृतीत वरच्या बाजूला ऑब्जेक्टच्या चौकटी शेजारी शेजारी असतात. प्रत्येक चौकटीखाली उभी तुटक रेषा असते, तिला लाइफलाइन म्हणतात. काळ वरून खाली सरकतो. एका लाइफलाइनवरून दुसरीकडे जाणारा आडवा बाण म्हणजे संदेश. तो संदेश मेथडचा असेल तर त्यालाच आपण मेथड कॉल म्हणतो.

२. मूळ अडचण : बाणाचा कर्ता कोण?

विद्यार्थ्याला प्रसंग दिला जातो : शेतकरी खिडकीवर अर्ज करतो. या वाक्यात कर्ता शेतकरी आहे, म्हणून विद्यार्थी शेतकऱ्यापासून खिडकीकडे बाण काढतो आणि त्यावर 'अर्ज करतो' असे लिहितो. वाक्य बरोबर आहे, बाणाची दिशाही बरोबर आहे. चुकला आहे तो बाणावरील मजकूर. कारण मेथड कॉल हे घटनेचे वर्णन नसते. तो समोरच्याला दिलेला हुकूम असतो.

आपल्या व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ सांगितले आहेत. प्रसंग स्वार्थात सांगितला जातो, पण बाण आज्ञार्थात लिहावा लागतो. 'शेतकरी अर्ज करतो' याचे रूपांतर 'खिडकी, अर्ज स्वीकार' असे होते. आता क्रिया करणारी खिडकी आहे. शेतकरी केवळ सांगणारा आहे. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला हेच फेल-ए-अम्र आणि मुनादा या संज्ञांनी सांगता येते : ज्याला हाक मारली तो मुनादा, आणि हुकमाचे काम त्यानेच करायचे असते. बाणाचे टोक ज्याच्याकडे आहे तो मुनादा होय.

यातून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. बाणावर लिहिलेली मेथड बाणाच्या टोकाकडील क्लासमध्ये असली पाहिजे, शेपटाकडील क्लासमध्ये नव्हे. 'अर्ज स्वीकार' ही मेथड खिडकीच्या क्लासमध्ये जाईल. एवढा एक नियम नीट समजला तरी वह्यांतील बहुतांश चुका आपोआप दुरुस्त होतात.

३. उदाहरण : भूमी प्रकल्पातील फेरफार

कर्नाटकातील पहाणी म्हणजे स्थूलमानाने महाराष्ट्रातील सातबारा. भूमी प्रकल्पापूर्वी या नोंदी राज्यातील सुमारे ९,००० ग्रामलेखापालांच्या, म्हणजे आपल्या भाषेत तलाठ्यांच्या, हाती होत्या. प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर आणल्या गेल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी खिडक्या सुरू झाल्या. तेथे सुरुवातीला १५ रुपये शुल्क भरून पहाणीची प्रत मिळत असे. जमीन विकली, वाटणी झाली किंवा वारसा आला की खातेदाराचे नाव बदलावे लागते, हाच फेरफार. त्याचा अर्जही खिडकीवर घेतला जाऊ लागला. अर्जाला क्रमांक मिळे, संबंधितांना नोटीस निघे, किमान ३० दिवस हरकतीची वाट पाहिली जाई, आणि हरकत नसल्यास महसूल निरीक्षक मंजुरी देई. आधी आलेला अर्ज आधी निकाली काढायचा, हा क्रम संगणकानेच बांधून दिला होता.

हा प्रसंग शिकवण्यासाठी आपण पाच ऑब्जेक्टमध्ये मांडू : शेतकरी, खिडकी, नोंदवही, फेरफार अर्ज आणि पहाणी. यांशिवाय ग्रामलेखापाल व महसूल निरीक्षक या दोन व्यक्ती. ही मांडणी वर्गासाठी सोपी करून घेतलेली आहे; मूळ प्रणालीतील क्लासची नावे अशीच आहेत असा दावा नाही. मेथडची नावे मुद्दाम मराठीत ठेवली आहेत. जावा भाषेत देवनागरी अक्षरांची नावे चालतात, त्यामुळे पुढे विद्यार्थ्यांना हाच प्रोग्राम लिहूनही पाहता येईल.

४. बाण काढण्यापूर्वीचे चार प्रश्न

प्रत्येक बाणापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. हे काम कोणाला येते? सांगणारा ऐकणाऱ्याला ओळखतो का? कंसात काय जाते आणि परत काय येते? सांगणारा उत्तरासाठी थांबतो का? हे प्रश्न लावून आता आकृती बांधू.

पहिला बाण : शेतकऱ्याकडून खिडकीकडे, अर्ज_स्वीकार(सर्व्हे_क्रमांक, नवा_खातेदार). काम खिडकीला येते. शेतकरी तिच्यासमोर उभा आहे, म्हणजे ओळख आहे. कंसात दोन गोष्टी गेल्या. परत पोच येणार आहे आणि तिच्यासाठी शेतकरी थांबणार आहे. थांबून केलेल्या कॉलला सिंक्रोनस म्हणतात. त्याची रेषा अखंड असते आणि टोक भरीव त्रिकोणाचे असते. बाण जेथे पोचतो तेथून खिडकीच्या लाइफलाइनवर एक उभी अरुंद पट्टी सुरू होते. ही ॲक्टिव्हेशनची पट्टी असून ती मेथड चालू असेपर्यंत टिकते.

दुसरा बाण : खिडकीकडून नोंदवहीकडे, नवा_अर्ज_नोंदव(सर्व्हे_क्रमांक, नवा_खातेदार). हा बाण खिडकीच्या पट्टीतूनच निघाला पाहिजे. अनेक विद्यार्थी पट्टी संपल्यावर, मोकळ्या तुटक रेषेवरून बाण काढतात. जी मेथड चालू नाही तिच्यातून दुसऱ्याला हुकूम जाऊ शकत नाही, हे येथे समजावून सांगावे.

तिसरा बाण : नोंदवही नवीन फेरफार अर्ज तयार करते, निर्माण(पहाणी, नवा_खातेदार). हा बाण तुटक रेषेचा असतो आणि तो लाइफलाइनवर न जाता थेट अर्जाच्या चौकटीवर जाऊन थांबतो. त्यामुळे अर्जाची चौकट इतर चौकटींच्या रांगेत वर न राहता त्या क्षणाच्या उंचीवर, खाली येते. अर्ज तेव्हाच जन्माला आला, हे आकृतीच सांगते. नोंदवहीने सर्व्हे क्रमांकावरून योग्य पहाणी शोधून ती कंसातून अर्जाच्या स्वाधीन केली आहे, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

त्यानंतर दोन परतीचे बाण येतात : नोंदवहीकडून खिडकीकडे अर्ज_क्रमांक आणि खिडकीकडून शेतकऱ्याकडे पोच. परतीचा बाण तुटक रेषेचा व उघड्या टोकाचा असतो. तो मेथड कॉल नव्हे. येथे विद्यार्थी हमखास 'पोच_दे()' असा अखंड बाण शेतकऱ्याकडे काढतात. तसे केल्यास पोच देण्याची मेथड शेतकऱ्याच्या क्लासमध्ये जाऊन बसते! उत्तराला आज्ञार्थ लावू नये. तेथे केवळ नाम लिहावे. कॉलवर क्रियापद आणि परतीवर नाम, एवढी खूण सांगितली तरी गोंधळ मिटतो.

चौथा बाण : नोंदवहीकडून ग्रामलेखापालाकडे, नोटीस_बजाव(अर्ज_क्रमांक). येथे नोंदवही थांबत नाही. नोटीस पोचवायला दिवस लागतील, तोवर इतर अर्जांची नोंद थांबवता येणार नाही. अशा कॉलला असिंक्रोनस म्हणतात. रेषा अखंड, पण टोक उघडे. यूएमएलच्या १.३ पर्यंतच्या आवृत्त्यांत यासाठी अर्धे टोक काढत असत, १.४ पासून उघडे टोक आले. जुन्या पुस्तकात अर्धे टोक दिसले तर ते छपाईची चूक समजू नये.

थांबणे आणि न थांबणे यांतील फरक सांगण्यासाठी आपल्या परिसरातीलच एक दाखला देता येईल. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर यांच्या घराण्याचा संबंध कडगंचीशी सांगितला जातो. त्या ग्रंथाची रचना नामधारकाचे प्रश्न आणि सिद्धांची उत्तरे अशी आहे. उत्तर पूर्ण झाल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नाही. हा सिंक्रोनस संवाद झाला. पत्रपेटीत पत्र टाकून आपल्या कामाला लागणे, हा असिंक्रोनस.

५. कंसातील मजकुराचे महत्त्व

मुदत संपल्यानंतर महसूल निरीक्षक काम सुरू करतो. त्याचा बाण नोंदवहीकडे जातो. येथे वर्गात दोन पर्याय फळ्यावर लिहावेत : अर्ज_दे(अर्ज_क्रमांक) आणि पुढचा_अर्ज_दे(). दोन्ही व्याकरणाने शुद्ध आहेत आणि दोन्हींतून अर्जच परत येतो. फरक फक्त कंसात आहे.

पहिल्या पर्यायात कोणता अर्ज हवा हे निरीक्षक ठरवतो. म्हणजे ओळखीच्या माणसाचा अर्ज आज आणि दुसऱ्याचा सहा महिन्यांनी, असे करण्याची मुभा त्याला मिळते. दुसऱ्या पर्यायात कंस रिकामा आहे. मुदत पूर्ण झालेल्या अर्जांपैकी सर्वांत आधीचा अर्ज नोंदवही स्वतः देते. भूमी प्रकल्पातील 'आधी आलेल्याला आधी' हे तत्त्व आपल्या आकृतीत या रिकाम्या कंसाने व्यक्त होते. मेथडला कोणती माहिती द्यायची हे ठरवताना आपण कोणाच्या हाती किती अधिकार द्यायचा हेही ठरवत असतो. विद्यार्थी कंसातील मजकूर भरतीचा समजून कसाही लिहितात. त्यांना हे उदाहरण अवश्य द्यावे.

६. ओळख नसताना हुकूम देता येत नाही

पुढचा_अर्ज_दे() च्या उत्तरादाखल निरीक्षकाला अर्ज मिळाला. आता तो अर्जाला थेट सांगू शकतो : मंजूर_हो(). आधी हा बाण काढता आला नसता, कारण निरीक्षकाकडे त्या अर्जाचा संदर्भच नव्हता. एका ऑब्जेक्टला दुसऱ्याची ओळख मुख्यतः चार मार्गांनी होते : तो त्याचा स्वतःचा घटक असतो, कंसातून त्याच्याकडे येतो, एखाद्या कॉलच्या उत्तरात मिळतो, किंवा त्याने स्वतः तो निर्माण केलेला असतो. आपल्या आकृतीत चारही मार्ग आले आहेत. नोंदवही खिडकीचा घटक आहे. पहाणी अर्जाला कंसातून मिळाली. अर्ज निरीक्षकाला उत्तरातून मिळाला. आणि नोंदवहीने तो निर्माण केला. ज्या बाणासाठी यांपैकी एकही मार्ग दाखवता येत नाही, तो बाण कागदावर राहील, प्रोग्राममध्ये उतरणार नाही.

मंजूर_हो() चालू असताना अर्ज प्रथम स्वतःलाच विचारतो : हरकत_आहे_का(). हा स्वतःकडे वळणारा बाण असून त्याची छोटी पट्टी मूळ पट्टीवर किंचित उजवीकडे सरकवून काढतात. पुढे दोन शक्यता आहेत. हरकत नसेल तर अर्ज पहाणीला सांगतो : खातेदार_बदल(नवा_खातेदार). हरकत असेल तर तो स्वतःला सांगतो : वादग्रस्त_ठरव(). हा व्याकरणातील संकेतार्थ आहे. यूएमएल २ मध्ये त्यासाठी 'अल्ट' नावाची चौकट काढतात, ती आडव्या तुटक रेषेने दुभागतात आणि प्रत्येक भागात चौकोनी कंसात अट लिहितात. एकच शक्यता असेल तर 'ऑप्ट', पुनरावृत्ती असेल तर 'लूप'. यूएमएल १ वर आधारित पुस्तकांत अशा चौकटी नाहीत. तेथे अट संदेशाच्या आधी चौकोनी कंसात लिहिलेली व पुनरावृत्ती तारांकनाने दाखवलेली आढळेल.

आता एक चुकीची आकृती वर्गासमोर ठेवावी. एखादा विद्यार्थी काम लवकर संपवण्यासाठी खिडकीकडून थेट पहाणीकडे बाण काढतो : खातेदार_बदल(नवा_खातेदार). मेथड पहाणीतच आहे, म्हणून पहिला नियम पाळला गेला. तांत्रिकदृष्ट्या प्रोग्राम चालेलही. पण मधली नोटीस, ३० दिवस, हरकतीची चौकशी आणि निरीक्षकाची मंजुरी हे सर्व एका बाणाने गळून पडले. ज्या विधवेची किंवा परगावी मजुरीला गेलेल्या भावाची हरकत असू शकते, त्यांना कळण्यापूर्वीच जमीन दुसऱ्याच्या नावे झाली. म्हणून खातेदार_बदल ही मेथड कोणी कॉल करावी, हा प्रश्न आकृतीच्या सुबकतेचा नाही. शिक्षकाने विचारावे : पहाणीकडे येणारे बाण किती आणि कोणाकोणाकडून? या आकृतीत तो एकच आहे आणि तो मंजूर होत असलेल्या अर्जाकडूनच येतो.

७. आकृतीची तपासणी

आकृती पूर्ण झाल्यावर दोन दिशांनी तपासणी करावी. पहिली उभी. प्रत्येक लाइफलाइनवर येणाऱ्या अखंड बाणांची यादी करावी. तीच त्या क्लासच्या मेथडची यादी होय. खिडकी : अर्ज_स्वीकार. नोंदवही : नवा_अर्ज_नोंदव, पुढचा_अर्ज_दे. अर्ज : मंजूर_हो, हरकत_आहे_का, वादग्रस्त_ठरव. पहाणी : खातेदार_बदल. ही यादी क्लास डायग्रामशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर दोहोंपैकी एक आकृती चुकली आहे.

दुसरी तपासणी पट्टीची. एका पट्टीतून बाहेर जाणारे बाण वरून खाली वाचले की त्या मेथडच्या आतील ओळी क्रमाने मिळतात. मंजूर_हो ची पट्टी वाचली तर आधी हरकतीची विचारणा, मग अट, मग दोहोंपैकी एक कॉल. नेमक्या याच ओळी जावामध्ये लिहायच्या असतात. क्लास डायग्राम मेथडचे नाव सांगतो, क्रमाकृती तिचे अंतरंग सांगते.

संगणकावर आकृती काढताना आणखी एक अडचण येते. बाण काढून झाला तरी निवडीसाठी मेथडची यादी दिसत नाही. बहुधा लाइफलाइनला केवळ नाव दिलेले असते, ती कोणत्या क्लासची आहे हे जोडलेले नसते. क्लास जोडला की यादी येते. मेथड यादीत नसेल तर आधी क्लासमध्ये घालावी आणि मग बाणावर निवडावी. बाणावर नुसते नाव टंकित केल्यास दोन आकृत्यांचा संबंध तुटतो. साध्या मजकुरातून आकृती काढणाऱ्या प्लांटयूएमएलसारख्या साधनांत अशी तपासणी होत नाही, त्यामुळे तेथे ती आपणच करावी लागते.

८. वर्गात कसे घ्यावे

दोन तासिका पुरेशा आहेत. पहिल्या तासिकेत संगणक नको. सात विद्यार्थी रांगेत उभे करावेत, प्रत्येकाच्या हाती आपल्या भूमिकेचे नाव आणि त्याला येणाऱ्या कामांची यादी असावी. सांगणाऱ्याने समोरच्याला नावाने हाक मारून आज्ञार्थात हुकूम द्यावा आणि चिठ्ठीवर कंसातील माहिती द्यावी. ऐकणाऱ्याने आपल्या यादीत ते काम आहे का ते पाहावे. नसल्यास चिठ्ठी परत करावी. हुकूम चालू असेपर्यंत हात वर ठेवावा, हीच ॲक्टिव्हेशनची पट्टी. हुकूम उर्दूत द्यावा की मराठीत की कन्नडमध्ये, याला महत्त्व नाही. दुसऱ्या तासिकेत हाच प्रसंग फळ्यावर काढून घ्यावा. स्वाध्याय म्हणून हरकत घेणाऱ्या व्यक्तीचा बाण विद्यार्थ्यांनी स्वतः घालावा : तो कोठे सुरू होईल, कोणाकडे जाईल आणि ३० दिवसांनंतर आला तर काय होईल?

समारोप

सिक्वेन्स डायग्राममध्ये मेथड कॉल घालणे म्हणजे वर्णनाचे वाक्य आज्ञेत बदलणे आणि ती आज्ञा योग्य व्यक्तीला उद्देशून देणे होय. ज्याला काम येते त्यालाच सांगावे. ज्याची ओळख आहे त्यालाच सांगता येते. कंसात आवश्यक तेवढेच द्यावे. आणि उत्तराला हुकूम समजू नये. भाषेच्या तासाला शिकलेले आज्ञार्थ आणि संकेतार्थ येथे जसेच्या तसे उपयोगी पडतात. म्हणून भाषेचे आणि संगणकाचे शिक्षक यांनी निदान हा एक घटक मिळून शिकवावा, अशी सूचना करावीशी वाटते. आपला विद्यार्थी उद्या एखाद्या कार्यालयासाठी प्रणाली लिहील तेव्हा त्याने काढलेल्या एका बाणावर कोणाचा तरी अर्ज पुढे सरकेल किंवा मागे राहील, याची जाणीव त्याला वर्गातच व्हावयास हवी.